बनियनवर

"लिही," पाष्टेकाका म्हणाले, "घरात इतकं गरम असतं, की मी बनियनवर बसतो."

त्यांच्या अंगात त्या वेळी खरोखरच बनियन होता. बनियनवर शर्ट होता, शर्टवर परवाचं वर्तमानपत्र होतं, वर्तमानपत्रावर एक स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, आणि सगळ्यांवर जहाजावरचा निळा कोट. म्हणजे वाक्य खोटं नव्हतं. थोडं अपुरं होतं, एवढंच.

मी लिहिलं. हातमोजे घालून लिहायचं म्हणजे अक्षर डॉक्टरसारखं येतं. शिवाय पेन दर चार ओळींनी काखेत धरून शेकावं लागत होतं.

"लिवलंस?"

"लिहिलं. बनियनला दुसरी वेलांटी लागली ती थंडीमुळे आहे, ती वाचू नका म्हणून खाली टीप देऊ का?"

"थंडीचं नाव काडायचं नाय पत्रात," काका म्हणाले.

हे इंग्लंडमध्ये, साउथ शील्ड्स नावाच्या गावात. टाइन नदी तिथं समुद्राला मिळते आणि त्यानंतर वारा सुरू होतो. याला आता अकरा वर्षं झाली. मी बार्शीचा. बार्शीत थंडी म्हणजे लग्नातला नवा स्वेटर लोकांना दाखवायची संधी. तिथून उठून मी शिकायला आलो होतो, आणि कॉलेजच्या नोटीसबोर्डावर मराठीत लिहिलेली चिठ्ठी पाहून पाष्टेकाकांच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. चिठ्ठीत लिहिलं होतं: "खोली आहे. भाडं कमी. थंडीचं बोलायचं नाही." मला वाटलं, लिहिण्यातली चूक असेल.

शिवराम पाष्टे गुहागरच्या बाजूचे. विसाव्या वर्षी कोळशाच्या बोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून फावड्यानं कोळसा आत मारणारा माणूस. दहा वर्षं त्यांनी ते केलं. मग बोटी बदलल्या, तेल आलं, काका याच बंदरात उतरले आणि राहून गेले. गावाकडे बायको आणि तीन वर्षांचा मुलगा. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काका चारदा घरी गेले. चौथ्यांदा बायको वारली म्हणून गेले आणि तेराव्याला पोचले. पैसे मात्र दर महिन्याला न चुकता जायचे. आता पंचाहत्तरी झाली होती, पेन्शन तुटपुंजी होती, तरी जायचे. त्या पैशांवर गुहागरला स्लॅबचं घर उभं राहिलं होतं. त्याचा फोटो इथं भिंतीवर होता. फोटोत ऊन होतं. मी कधीकधी त्या फोटोसमोर बसून चहा प्यायचो.

इथल्या घराचा मालक मात्र मीटर होता. जिन्याखालच्या कपाटात गॅसचा एक मीटर होता, आणि त्याचा कारभार आपल्या प्रीपेड मोबाईलसारखा होता: आधी पैसे, मग ऊब. त्याला एक प्लॅस्टिकचं कार्ड होतं. ते दुकानात न्यायचं, पैसे भरायचे, घरी आणून मीटरमध्ये खुपसायचं. भरलेले पैसे संपले की गॅस बंद. अगदीच नड असली तर तेच कार्ड पुन्हा खुपसलं की मीटर पाच पौंड उधार द्यायचा. कार्ड खुपसल्याशिवाय मात्र काही द्यायचा नाही. असा माणूस आमच्या बार्शीत पतसंस्थेत होता.

काका घर बोटीसारखं चालवत. दिवसाच्या चार-चार तासांच्या पाळ्या. पहाटेच्या पाळीत वीस मिनिटं गॅस, अंघोळीपुरता. संध्याकाळच्या पाळीत एक तास, तोही एकाच खोलीत. भिंतीवर गरमी वाढवायची एक गोल चकती होती. ती काकांच्या दृष्टीनं इंजिनाला हुकूम सोडणारी कप्तानाची घंटा होती. मी नुसता जवळून गेलो तरी "स्टॉपवर हाय ना?" असं विचारायचे. माझी नेमणूक कोयलावाला म्हणून झाली होती. बोटीवर आगवाल्याला कोळसा आणून देणारा तो कोयलावाला. काकांचे गुडघे गेले होते, म्हणून दर शुक्रवारी कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आणि त्यांनी दिलेले पैसे भरून आणायचं, एवढं माझं काम. कार्ड टेबलाच्या खणात असे.

आणि सकाळी साडेनऊ ते दुपारी चार काका बसमध्ये असत.

हे मला समजायला दोन आठवडे लागले. म्हाताऱ्यांना साडेनऊनंतर बस फुकट होती. काका एका बसमध्ये बसायचे, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे, त्याच बसनं परत यायचे, पुन्हा जायचे. अगदी मागची, डावीकडची सीट. तिच्या खाली इंजिन. "बोटीचं इंजिन नाय," ते म्हणायचे, "पण माणूस ओळखतं." ड्रायव्हर त्यांना नावानं हाक मारायचे. एका ड्रायव्हरनं नाताळाला त्यांना केक दिला होता, सहकारी म्हणून.

मला त्यांनी सांगून ठेवलं होतं की दिवसा लायब्ररीत जा, तिथं सरकारचा गॅस असतो. मी जायचोही. पण परत लवकर यायचो. साडेतीन वाजता घरात कुणी नसायचं. मी चकती फिरवायचो, अर्धा तास रेडिएटरला पाठ लावून उभा राहायचो, चारला पाच कमी असताना चकती पुन्हा स्टॉपवर आणायचो, आणि काका आले की दोन्ही हात चोळत "काय थंडी आहे" म्हणायचो. रोज. माझ्या अभिनयाचं तेव्हा मला कौतुक वाटायचं.

ते पत्र पोचायच्या आधीच गुहागरहून फोन आला. मुलगा येत होता.

मुलाचं नाव भालचंद्र, घरात भाल्या, वय अठ्ठेचाळीस. गावच्या नमन मंडळात तो मृदुंग वाजवायचा. लंडनच्या कुठल्याशा मराठी मंडळानं कोकणातली लोककला म्हणून अख्खं नमन बोलावलं होतं. कार्यक्रम झाल्यावर चार दिवस मोकळे होते. भाल्या म्हणाला, येतो. बापाचं घर त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी फोन ठेवला आणि कोटासकट खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पाच आठवडे हायत."

"कशाला?"

"बनियनवर बसायला."

मला आधी वाटलं, ही गंमत आहे. ती गंमत नव्हती. चाळीस वर्षं दर पत्रात ते वाक्य गेलं होतं. मी फक्त शेवटचा लेखनिक होतो. माझ्याआधी कुणीकुणी लिहून दिलं होतं, त्याआधी काकांनी स्वतः. दुसरी बाजू मीच विचारली, की भाल्याला खरं काय ते सांगितलं तर काय होईल. इथं गॅस परवडत नाही, असं.

"मंग त्यो इचारील, पैसं कुटून पाटवत होतास," काका म्हणाले. "माज्या थंडीवर त्याचा स्लॅब पडलाय, असं त्याला कळायला नको. घरात झोप येनार नाय त्याला."

तर ठरलं असं: पाच आठवडे काटकसर करायची, मीटरवर शिल्लक साठवायची, आणि भाल्या येईल तेव्हा घर असं तापवायचं की तो आत येताच त्याच्या कपाळावर घाम यावा. संध्याकाळचा तास अर्ध्यावर आला. अंघोळ एक दिवसाआड झाली. खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्र, रेडिएटरच्या मागे स्वयंपाकघरातली चांदीसारखी फॉइल, निजताना पायमोज्यात भाजलेले तांदूळ. ते तांदूळ आम्ही आठवड्याच्या शेवटी खायचो. त्यांना पायमोज्याची चव यायची असं म्हणणं अन्याय होईल, पण यायची. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी मी थर्मामीटर घेऊन घर हिंडलो आणि एक शोध लावला: फ्रिजच्या आत चार अंश होते, फ्रिजच्या बाहेर तीन. काकांनी तो आकडा शांतपणे ऐकला आणि दूध फ्रिजमध्येच ठेव म्हणाले, गोठायला नको.

आणि मी? मी साडेतीनला चकती फिरवत राहिलो. पाच आठवडे, रोज अर्धा तास. मी स्वतःला सांगायचो, अर्ध्या तासानं काय होतंय.

बर्फ त्या वर्षी लवकर आला. मंगळवारी दुपारी बारा वाजता काकांनी चकती फुलवर नेली. भाल्या बुधवारी दुपारी एकपर्यंत पोचणार होता, पण थंड घर एकदम तापत नाही, थंड बॉयलरसारखंच, आदल्या दिवशीच पेटवावं लागतं. काका रेडिएटरवर तळहात ठेवून उभे राहिले, बाळाचा ताप बघावा तसे. तासाभरानं कोट निघाला. मग वरचा स्वेटर. मग वर्तमानपत्र निघालं, ते त्यांनी वाचून काढलं. रात्रीच्या जेवणाला ते शर्टवर होते. मी त्यांना शर्टवर प्रथमच पाहत होतो. माणूस इतका बारीक होता हे कोटामुळे कधी समजलंच नव्हतं.

मी जिन्याखाली जाऊन मीटर पाहिला. दुपारी नऊ पौंड साठ पेन्सनं सुरुवात झाली होती, आणि आकडा उतरत होता. पाच आठवड्यांची साठवण नऊ पौंड साठ. मी मनात गुणाकार केला. माझे अर्धे तास जमेला असते तर ती सतरा पौंडांच्या आसपास असती. मी बार्शीत गणितात पहिला यायचो, त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा त्रास झाला.

म्हणून बुधवारी सकाळी साडेसातला, काका मोरीत दाढी करत असताना, मी खणातलं कार्ड उचललं आणि बाहेर पडलो. माझ्याजवळ वीस पौंड होते, हॉटेलात भांडी घासून मिळालेले. ते भरायचे, गुपचूप आणून मीटरमध्ये सारायचे, बास. कुणाला सांगायचं नाही. अजून चिक्कार वेळ होता. मीटरवर उरलेलं संध्याकाळपर्यंत पुरेल असा माझा अंदाज होता. तो अंदाज कशाच्या आधारावर होता ते मला आजही सांगता येणार नाही.

कोपऱ्यावरचं दुकान बर्फामुळे बंद. मोठ्या रस्त्यावर मीठ टाकलं होतं आणि बस चालू होती. दोन गावं पलीकडे दुकान उघडं मिळालं. साडेनऊला कार्डावर वीस पौंड होते. मी परतीच्या बसमध्ये चढलो. बस रिकामी होती. मागची, डावीकडची सीटही.

मी तिच्यावर बसलो. मला बघायचं होतं, काका दिवसभर कुठं राहतात ते.

ते गरम आधी पायांना लागलं. मग पाठीला. इंजिन एका लयीत घरघरत होतं आणि मला बार्शीतली दुपार आठवली, गच्चीवर वाळत घातलेली गादी, तिच्यावर पडल्यावर लागणारा कापसाचा वास. मी जागा झालो तेव्हा ड्रायव्हर माझा खांदा हलवत होता. शेवटचा थांबा. आमचं गाव मागेच गेलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, इथून पुढे बस नाही, आणि रस्ता बंद केल्यामुळे आता मागेही नाही. अकरा वाजले होते.

मी चालत निघालो. आठ मैल. काकांना फोन करावा असं मनात आलं, पण मग गुपचूप कसलं. शिवाय घर गरम होतं. थंडीत मी होतो. मला त्यात थोडा न्यायही वाटत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या गल्लीत शिरलो. फाटकापासून दारापर्यंत बर्फात बुटांचे ठसे होते, एकाच माणसाचे, आत जाणारे. आणि दारापासून फाटकापर्यंत चपलांचे ठसे होते, आत-बाहेर, आत-बाहेर, कितीतरी वेळा.

मी दार उघडलं आणि मला आतली हवा लागली. बाहेर निदान ऊन होतं.

सोफ्यावर एक रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. माकडटोपी, मफलर, कुणाचा तरी उसना ओव्हरकोट. पायाशी न उघडलेली बॅग. शेजारी, पाहुण्यासारखा, मृदुंग बसला होता, आणि त्याला एक गोधडी गुंडाळली होती. समोरच्या खुर्चीत पाष्टेकाका होते.

बनियनवर.

दंडांवरची पांढरी लव उभी होती. ओठ शाईसारखे. हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते, थरथर दिसू नये म्हणून.

"ये," काका म्हणाले. "ह्यो माजा भाल्या. भाल्या, ह्यो शार्दूल. माजा कोयलावाला."

मी जिन्याखालच्या कपाटाकडे पाहिलं. मीटरचा लाल दिवा दारातून दिसत होता. गॅस बंद.

"काका, ते कार्ड—"

"लायब्ररीचं ना? ऱ्हाऊ दे. उद्या दे," काका म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझा खिशातला हात खिशातच राहिला.

भाल्या माझ्याकडे वळला. "तुम्ही तरी सांगा ओ यांना, शर्ट घाला म्हनून. दोन तास सांगतोय."

"मला उकडतंय," काका म्हणाले.

"पत्रात लिवायचे बनियनवर बसतो, बनियनवर बसतो. मला वाटायचं, घर तापलेलं असंल. आता कळलं. यांना थंडीच वाजत नाय." भाल्यानं मफलर आवळला. तो रागावला नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस हिशेब लागल्यावर शांत होतो तसा शांत होता. "गॅस हाय घरात. यंत्र हाय. लावत नाय."

"इंजनात दहा वर्सं काडली," काका म्हणाले. दात आवरून धरल्यामुळे शब्द चपटे येत होते. "ती आग अंगातून जात नाय. गॅस लावला की कोंडल्यागत होतं."

"माझ्यासाठी एक दिस लावला असतात."

काका खिडकीकडे बघत राहिले.

"तू बोलला नायस," ते म्हणाले, "तुला थंडी वाजते म्हनून."

माझ्या खिशात वीस पौंड होते. चार पावलं चालून कार्ड खुपसलं असतं तर दहा मिनिटांत रेडिएटर बोलायला लागले असते. पण मग भाल्याला कळलं असतं की गॅस लावला नव्हता असं नाही, संपला होता. काकांनी दोनांतलं एक निवडलं होतं. मुलाच्या डोळ्यांत कद्रू ठरलेलं त्यांना चालणार होतं, गरीब नाही. आणि मला सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागलं असतं, कार्ड माझ्याकडे का होतं इथपासून. मी तोंड उघडलं. तेवढ्यात भाल्यानं विचारलं,

"तुम्ही कसं ऱ्हाता ओ इथं?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "दूध गरम करायचं असलं की आम्ही ते फ्रिजमध्ये ठेवतो."

भाल्या हसला. मनापासून हसला, माकडटोपी हलेपर्यंत. काकाही हसले, पण दात वाजत असल्यामुळे त्यांचं हसू तुकड्यातुकड्यांनी आलं. पुढे मी बरेच विनोद लिहिले, त्यांचे पैसेही मिळाले. इतका चाललेला तो एकच. त्यानंतर भाल्याच्या मनात काही शंका उरली नाही. या घरात थंडीनंच राहायची रीत होती.

जवळच न्यूकासलला मंडळाच्या ओळखीच्या कुणा डॉक्टरांकडे नमनातले दोघं उतरले होते. भाल्यानं मी यायच्या आधीच त्यांना फोन केला होता. बर्फ वाढतोय, छाती भरते, इथं चार दिवस निघणार नाहीत. डॉक्टरांची गाडी चारला येणार होती.

त्यानं बॅगेतून आमसुलं काढून टेबलावर ठेवली, सुकटाची पुडी ठेवली. मग मृदुंगाकडे पाहून म्हणाला, "ही गोधडी तुमच्यासाठी आनली होती, बाबा."

काकांनी मान वळवली.

"आयनं शिवलेली. जायच्या आधी शेवटची. म्हनायची, तुझा बाप पत्रात काय पन लिवतो, त्याला थंडी वाजत असनार, कोन जाईल त्याच्यासंगं धाडा. तुम्ही तेराव्याला आलात तवा ध्यानात आलं नाय, पुडं इतकी वर्सं कोन गेलंच नाय." भाल्यानं गोधडीचं टोक मृदुंगाच्या तोंडावर ओढून घेतलं. "बरं झालं एका अर्थी. इथं आल्यावर चामडं पार आकसलं, हिच्यामुळं वाचला मृदुंग. तुम्हाला कुटं लागतीय."

काका उठले. चालत मृदुंगाजवळ गेले आणि गोधडीवर तळहात ठेवला. एका हिरव्या तुकड्यावरून त्यांचं बोट फिरलं.

"हे एडनचं," ते म्हणाले. "मीच धाडलेलं."

"हो. ते लुगडं तिनं नेसलंच नाय कदी. हिच्यात घातलं."

"बरी हाय," काका म्हणाले. हात तिथंच होता. "मृदुंगाला पायजेच."

बाहेर हॉर्न वाजला. भाल्यानं वाकून नमस्कार केला, आणि वाकलेला असतानाच बापाचे पाय हातात धरून थोडा थांबला. मला वाटलं, आता त्याला पायांचा बर्फ कळेल. त्यानं हातमोजे घातलेले होते.

काका दारापर्यंत गेले. बनियनवर. गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे होते. गल्लीतल्या एका बाईनं पडदा सरकवून पाहिलं आणि पडदा परत ओढला.

दार लावून ते आत आले आणि कपडे घालायला लागले. शर्ट. वर्तमानपत्र. स्वेटर. दुसऱ्या स्वेटरच्या बाहीत हात जाईना, तो मी घातला. कोट घातला. मग मी कपाटाशी गेलो, कार्ड खुपसलं, बटण दाबलं. मीटरवर वीस पौंड आले. बॉयलर धडधडला. चकती फुलवरच होती.

"काका, कार्ड मी नेलं होतं. मी रोज दुपारी—"

"वही काड," काका म्हणाले.

वही त्यांच्या उशीखाली होती. बोटीवर ठेवतात तशी रोजच्या नोंदींची वही. मी तिला कधी हात लावला नव्हता. ते स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहायचे, पण आज त्यांची बोटं मिटत नव्हती. मी वही उघडली. रकाने आखलेले होते: वार, पहाट, संध्याकाळ, शिल्लक. शेवटचा एक रकाना होता, कोयलावाला. त्याच्यात मी आलो त्या आठवड्यापासून रोज, एकही दिवस न चुकता, लिहिलं होतं: अर्धा तास. अर्धा तास. अर्धा तास. एका शनिवारी पाऊण तास होता. मला तो शनिवार आठवला.

खाली मंगळवारची नोंद होती. दुपारी बारा, फुल. बुधवारी सकाळी आठला पैसे संपतील. मग कार्ड घालून उधारीचे पाच. ते, रात्री चकती उतरवून, गुरुवार सकाळपर्यंत. गुरुवारी पेन्शन. पुढचे तीन दिवस त्यावर.

सगळं पुरणार होतं. माझी चोरी त्यांनी हिशेबात धरली होती. माझा पश्चात्ताप धरायचा राहिला होता.

"लिही," काका म्हणाले. "बुधवार. दुपारी एक. भाल्या आला."

मी लिहिलं.

"घर गरम."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, घर—"

"लिही."

मी लिहिलं. घर गरम. हातमोजे काढले होते तरी अक्षर डॉक्टरसारखंच आलं.

"आता तुजा रकाना. आज किती?"

मला काहीतरी बोलायचं होतं, नेहमी सुचतं तसं काहीतरी.

"आज नाही," मी म्हणालो. "शून्य."

"मंग शून्य लिही."

शून्य लिहून मी वही मिटली. रेडिएटरमध्ये टकटक सुरू झाली होती, खिडकीच्या काचेवरचा बर्फ कडेनं सुटायला लागला होता. पाऊण तासात खोली अशी तापली की मी स्वेटर काढला, मग शर्टाच्या बाह्या वर केल्या. काकांच्या कपाळावर घाम आला होता. मी म्हणालो, आता तरी कोट काढा.

"आता कुनाला दाकवायचंय," काका म्हणाले, आणि कोटाची वरची गुंडी लावून घेतली.